पायगुण

ज्या विमान अपघातातून मी वाचलो, तो माझा पहिलाच विमानप्रवास होता. त्यामुळे विमान जमिनीवर आदळलं तेव्हा मला वाटलं, उतरलो.

माझा तोवरचा सगळा प्रवास एसटीचा. विमान उतरताना किती जोरात टेकतं, याचा अंदाज मला कुठून असणार? आधी एक धक्का बसला, मग त्याहून मोठा दुसरा, मग वरच्या कप्प्यांतल्या बॅगा खाली आल्या. मी पट्टा सोडला आणि माझी बॅग शोधू लागलो. शेजारचे गृहस्थ जागचे हलेनात, म्हणून मी त्यांना म्हणालो, "जरा जाऊ देता का?" त्यांनी काही उत्तर दिलं नाही. ते गेलेले होते, हे मला बरंच नंतर समजलं. तोवर माणूस उद्धट आहे असंच माझं मत झालं होतं.

याला आता तीसेक वर्षं झाली. मी तेव्हा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. दक्षिणेतल्या एका शहरातून कंपनी मोठं मशीन घेणार होती. ते आधी बघून यायला दोघांना पाठवलं. मी आणि परचेसमधला माझा एक सहकारी. तो माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, उंच, कँटीनमध्ये त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. सिडकोत आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊजी. त्यांची मुलगी बालवाडीत जात होती.

मुंबईपर्यंत आम्ही एसटीने गेलो आणि तिथून विमान धरलं. तो पुढे बसला होता, मी जवळजवळ शेवटी. विमानतळ थोडाच पुढे राहिला असताना विमान भाताच्या शेतांत उतरलं. पुढे चौकशी झाली. विमान हवं त्यापेक्षा खाली आलं होतं आणि ते ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता, असं त्यातून निघालं. अहवालात आणखीही बरंच काही होतं म्हणतात. मला एवढं पुरलं.

विमानाची शेपटी बाकीच्या विमानापासून सुटली होती. जिथे भिंत असायला हवी तिथे मला ऊन दिसलं. मी तिकडून बाहेर पडलो आणि गुडघाभर चिखलात उभा राहिलो. लावणी चालू होती. पुढचा भाग पेटला होता. मी सहकाऱ्याला हाका मारत तिकडेच चालायला लागलो, तेव्हा लावणी करणाऱ्या बायकांपैकी एकीने धावत येऊन माझी कॉलर धरली आणि मला मागे ओढलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिने मला बांधावर बसवलं आणि कळशीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. मी तिला मराठीत सांगितलं, "ते पुढे बसलेत. त्यांना सांगा, मी मागे आहे." तिने मान हलवली.

सहकारी गेला. माझं खांद्याचं हाड मोडलं, हात भाजला आणि डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं. बायकोच्या मते उजव्यानेही.

नाशिकला परतलो तेव्हा सहकाऱ्याचे दिवस होऊन गेले होते. मी सरळ त्यांच्या घरी गेलो. पायात इस्पितळातल्या कुणीतरी दिलेल्या चपला होत्या, दोन वेगवेगळ्या मापांच्या. घरात माणसं होती. सहकाऱ्याच्या आईने माझा चांगला हात धरला आणि विचारलं, "काही बोलला का रे तो?" मी म्हणालो, "आम्ही लांब बसलो होतो." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्या चपलांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "चहा टाकते," आणि आत गेल्या. चहा दुसऱ्याच कुणीतरी आणून दिला.

पुढे कंपनीने वहिनींना नोकरी दिली. स्टोअरमध्ये त्या आणि क्वालिटीत मी, असे आम्ही एकाच छपराखाली पंचवीस वर्षं काढली. कँटीनमध्ये दिसायचो. "बरंय ना?" "बरंय." याच्या पुढे बोलणं गेलं नाही.

इकडे माझ्या बाबतीत एक निराळीच गोष्ट सुरू झाली होती. माझा पायगुण चांगला आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं.

सुरुवात दिंडोरीच्या मेव्हण्याने केली. त्याची द्राक्षबाग आहे. नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा पहिल्यांदा मला त्यावर बसवलं. मला ट्रॅक्टर चालवता येत नाही. "चालवायचा नाय दाजी, फक्त बसा," तो म्हणाला. मी बसलो, त्यांनी फोटो काढला. मग एका वर्षी गारपिटीची हवा झाली, तेव्हा त्याचा फोन आला. "दाजी, लय आभाळ आलंय. तुमी येऊन बागेला फक्त एक चक्कर मारा." मी रजा टाकून गेलो, चक्कर मारली. संध्याकाळी गारा पडल्या. निम्मी बाग गेली. मेव्हणा मला मोटारसायकलवरून स्टँडपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "तुमी नसते तर समदी गेली असती." मी म्हटलं, "बघा बुवा."

कॉलनीतली पोरं दहावीच्या पेपरला निघताना आमच्या घरावरून जायची. कुणाचं ऑपरेशन असलं की मला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवायचे. शिर्डीला, वणीला गाडी निघाली की एक जागा माझी. त्यामुळे मी वणीची देवी इतक्या वेळा पाहिली आहे की तिथला एक पेढेवाला मला भाविक समजतो. एक विमा एजंट तर घरी येऊन म्हणाला, "साहेब, तुम्ही काही बोलू नका. मी बोलेन. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभे राहा." त्याला बायकोने दारातूनच परत पाठवला. तिचा पायगुणावर विश्वास नव्हता. "बाजारात धाडलं तर कोथिंबीर विसरून येणारा माणूस," ती म्हणायची, "आणि म्हणे गारा थांबवतो."

मी नाही कुणालाच म्हणालो नाही. म्हणायचं तरी काय? मी वाचलो होतो ही गोष्ट तर खरीच होती, आणि लोक माझ्याकडून दुसरं काही मागत नव्हते. एक मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवसानंतर मी कधीच विमानात बसलो नव्हतो. कंपनीत दोनदा वेळ आली. एकदा मी पोटाचं कारण सांगितलं, एकदा सासऱ्यांचं. सासरे तेव्हा ठणठणीत होते.

कॉलनीत पाण्याची नवी टाकी झाली तेव्हा नारळ मी फोडावा असं मंडळाने ठरवलं. नगरसेवकही आले होते, पण नारळ माझ्या हातात दिला. गर्दीत वहिनी उभ्या होत्या. मी नारळ उचलला तेव्हा त्या वळून घराकडे चालायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसस्टॉपवर भेटल्या.

"भाऊजी, नारळ नीट फुटला का?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि बसच्या दिशेने बघायला लागल्या.

त्यानंतर कॉलनीतले समारंभ मी टाळू लागलो. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की मी आता मोठ्याच कामांना जातो.

दोघंही रिटायर झालो. मुलीचं शिक्षण, लग्न, सगळं वहिनींनी एकटीने केलं. मुलगी हैदराबादला असते. लग्नाचं बोलावणं आम्हाला होतं, आम्ही गेलो, जेवलो, आलो. बस्स.

मग दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. मी दार उघडलं तर वहिनी. इतक्या वर्षांत आमच्या घरी त्या पहिल्यांदाच येत होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"भाऊजी, उद्या मोकळे आहात?"

रिटायर माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. मी म्हणालो, "आहे."

"मुलीचे दिवस भरत आलेत. डॉक्टर म्हणतायत वाट बघायला नको, परवाच सिझर करू. रेल्वेला वेटिंग आहे. तिने ओझरहून विमानाचं तिकीट काढलंय. दोन काढायला सांगितलीत मी. दुसरं तुमचं."

बायको आतून चहा घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. मी म्हणालो, "वहिनी, लोक काहीही म्हणतात. पायगुण वगैरे काही..."

"पायगुणाचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "तुमचा पायगुण मी तेव्हाच पाहिला. मला विमानातलं काही कळत नाही. तुम्हाला दार कुठे असतं ते माहीत आहे. मला दार माहीत असलेला माणूस बरोबर पाहिजे."

मी खरं ते सांगितलं. "मी दारातून बाहेर आलोच नव्हतो. विमान मोडलं होतं, तिथून आलो. दार कुठे होतं ते मला आजही माहीत नाही."

वहिनींनी हा विचार केलेला नव्हता. त्यांनी चहा घेतला, अर्धा प्यायल्या. बायकोकडे बघून म्हणाल्या, "तरी बाकीच्यांपेक्षा याच माणसाला जास्त माहिती, नाही का?"

बायको म्हणाली, "न्या तुम्ही. घरी बसून तरी काय करतायत."

रात्री बायकोने बॅग भरताना विचारलं, "जमेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" ती म्हणाली, "मग तो शर्ट सोडा. कधीपासून एकाच शर्टाची घडी घालताय."

सकाळी पुतण्याने गाडीने सोडलं. द्वारका, आडगाव, दहावा मैल, मग ओझर. वहिनी मागे बसून डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून होत्या. बॅगेत तुपाची बरणी होती. तपासणीच्या ठिकाणी ती बरणी बाहेर काढायला लावली.

"हे नेता येणार नाही काकू. लिक्विड आहे."

"तूप आहे. साजूक. बाळंतिणीसाठी."

"वितळलं की लिक्विडच."

"मग वितळू देऊ नका," वहिनी म्हणाल्या. तपासणीवाल्या मुलीला हसू आलं, पण तिने बरणी दिली नाही. मोठी बॅग आधीच आत गेली होती. शेवटी वहिनींनी ती बरणी तिलाच देऊन टाकली आणि तुपातली भेसळ कशी ओळखायची तेही सांगितलं. या सगळ्यात माझा पुढचा अर्धा तास बरा गेला.

विमान लहान होतं, पंख्याचं. वहिनींनी जिन्याशी थांबून पंखे पाहिले.

"तुमचं कसं होतं?"

"बिनपंख्याचं."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि चढल्या.

दार मागच्या बाजूला होतं आणि आमच्या जागा त्याच्या अगदी जवळ. हवाईसुंदरीने पट्टा कसा लावायचा, दारं कुठे आहेत ते हातवारे करून दाखवलं. विमानात कुणीही बघत नव्हतं. आम्ही दोघं वर्गातल्या पहिल्या बाकावर बसल्यासारखे बघत होतो. ती बिचारी संकोचली आणि शेवटी शेवटी आमच्याचकडे बघून दाखवायला लागली.

"त्या दिवशीही हे दाखवलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"दाखवलं असेल. मी खिडकीबाहेर बघत होतो."

विमान वर गेलं. खाली द्राक्षबागा, शेततळी, मग ढग. माझे हात गार पडले होते, ते मी मांडीखाली घेतले. वहिनींनी ते पाहिलं. लाडवाचा डबा उघडून एक माझ्यासमोर धरला. हात मोकळा नव्हता म्हणून मी नको म्हटलं.

उतरायला सुरुवात झाली असं लाउडस्पीकरवर सांगितलं, तेव्हा त्यांनी डबा बंद केला, पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. माझ्या उजव्या बाजूला बसल्या होत्या, म्हणून मला नीट ऐकू आलं.

"पुढे कोणी बसायचं आणि मागे कोणी, ते कोणी ठरवलं होतं?"

एवढाच प्रश्न. तो त्यांनी इतकी वर्षं बाळगला असेल हे मला तेव्हा कळलं.

"त्यांनीच," मी म्हणालो. "काउंटरवर ते एकटे उभे होते, मी पाणी प्यायला गेलो होतो. आलो तर दोन पास घेऊन उभे. पुढचा स्वतःकडे ठेवला, मागचा मला दिला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी सीनियर आहे. मागे आदळतं."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं. आवाज न करता हसत होत्या, तोंडावर पदर धरून.

"लग्न झाल्यावर आम्ही पेठला देवदर्शनाला गेलो होतो एसटीने," त्या म्हणाल्या. "पुढे एकच जागा होती. हे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. मला म्हणाले, तू मागे बस, माझे पाय लांब आहेत. नवी नवरी मी. सावळ घाटात मागच्या सीटवर अशी उडत होते..." त्यांनी हाताने उंची दाखवली. मग हसणं थांबलं. त्या पुढच्या सीटच्या पाठीकडे बघायला लागल्या.

"मला वाटायचं, मागची जागा तुम्ही मागून घेतली असेल. तुम्हाला काहीतरी ठाऊक असेल."

"मला काय ठाऊक असणार? मला तर पुढेच बसायचं होतं. मी जरा चिडलोही होतो त्यांच्यावर."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? गेलेल्या माणसाने पुढची जागा पळवली, असं?"

"हो, तेही खरं," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले, पदर नीट केला. "इतकी वर्षं तुमचा राग केला, भाऊजी. मनातल्या मनात फार बोलले तुम्हाला. आता त्याचं काय करू?"

"राहू द्या. मला सवय झालीय."

"आणखी काही बोलले होते का? नंतर?"

मी आठवून सांगितलं. विमान उतरू लागायच्या जरा आधी तो मागे माझ्याकडे आला होता. शर्टाच्या खिशात विमानातल्या नाश्त्याबरोबर मिळालेल्या जॅमच्या छोट्या डब्या भरलेल्या. स्वतःची तर होतीच, शेजारच्या दोघांच्याही मागून घेतल्या होत्या. "पोरीला नेतो," म्हणाला, आणि माझीही मागितली. मी दिली. हवाईसुंदरीने त्याला जागेवर जायला सांगितलं. तो तिला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे आणखी असतील तर बघा." मग गेला.

"मागून घेतल्या?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"शेजारच्यांच्यासुद्धा?"

"हो."

"लाज म्हणून कधी नव्हतीच त्यांना," त्या म्हणाल्या. पण हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

खाली घरं दिसायला लागली, मग गाड्या, मग गाड्यांतली माणसं. विमान डुगडुगत होतं. मी डोळे मिटले. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. आपल्यासाठी धरलं की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. एक धक्का बसला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही.

"उतरलो का?" मी विचारलं.

"मला काय विचारता?" वहिनी म्हणाल्या. "माहितगार म्हणून तुम्हाला आणलंय."

दुसऱ्या दिवशी मुलीला मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं. मुलगी शुद्धीवर येऊन जरा बसती झाल्यावर वहिनींनी मला खोलीत बोलावलं आणि तिला म्हणाल्या, "यांना विचार, तुझे वडील तुझ्यासाठी काय आणत होते." मुलीने विचारलं. मी सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "कसला जॅम होता, काका?"

मला आठवेना. मिक्स फ्रूट असावा, असं मी म्हटलं. तिला एवढं पुरलं नाही. तिने लाल होता की पिवळा ते विचारलं. मी म्हटलं, लाल. ती बाळाकडे बघत बराच वेळ रडली आणि वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. जावई माझ्यासाठी इडली घेऊन आला.

परतीचं तिकीट मी मुद्दाम रेल्वेचं काढलं होतं. ते कन्फर्म झालं नाही. जावयाने मला न विचारता विमानाचं काढून दिलं. मी एकटा विमानात बसलो, पट्टा लावला, दाखवलं ते सगळं पाहिलं आणि ओझरला उतरलो. बायको न्यायला आली होती. "कसं झालं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "छोटा पेला भरून कॉफी देतात आणि किंमत जेवणाची घेतात." ती म्हणाली, "म्हणजे बरं झालं."

वहिनी तीन महिन्यांनी परतल्या, एकट्या, विमानाने. आता वर्षातून दोनदा जातात. मला बरोबर चला म्हणत नाहीत. जायच्या आदल्या दिवशी घराची किल्ली आमच्याकडे देतात, चहा पितात, चहात साखर जास्त झाल्याचं बायकोला सांगतात. त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम पहिल्या वेळी माझ्याकडे होतं. मी रोज न चुकता घातलं. त्या आल्या तेव्हा गवती चहा आणि कढीपत्ता, दोन्ही कुजून गेले होते. त्यांनी कुंडीत बोट घालून माती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हापासून किल्ली बायकोच्या हातात देतात.